कासवे, सरडे आणि एक अबोलीचे रोप

परदेशप्रवासाची वर्णने वाचून आमचे वाचक कंटाळले असतील, याची आम्हांस पुरती जाणीव आहे. विमान किती वाजता सुटले, चहा कसा मिळाला, समुद्र किती निळा होता, हे ज्याने त्याने लिहिले आहे आणि एकाचे लिहिणे दुसऱ्याहून फारसे निराळे नसते. मॉरिशसचा समुद्र निळाच आहे. एवढे सांगून आम्ही तो विषय येथेच संपवितो. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या बेटावरील कासवांविषयी, सापसुरळ्यांविषयी, माकडांविषयी आणि एका अबोलीच्या रोपाविषयी.

रोपाची हकीकत आधी. पुण्यास कॉलेजात असताना तेथे शिकावयास आलेल्या एका मॉरिशसवासी मराठी विद्यार्थ्याशी आमचा स्नेह जडला होता. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे. १८३४ पासून पुढे कित्येक दशके उसाच्या मळ्यांत कराराने राबण्यासाठी साडेचार लाखांवर हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्या जहाजांत कोकणातील कुटुंबे होती, त्यांतलेच हे एक. शिक्षण संपवून ते परत गेले, शिक्षक झाले, निवृत्तही झाले, परंतु पत्रे थांबली नाहीत. 'दादा, वहिनींना घेऊन एकदा याच' हा त्यांचा आग्रह आम्ही गेल्या वर्षी ऑक्टोबरात पुरा केला. निघण्यापूर्वीच्या पत्रात त्यांच्या वृद्ध मातोश्रींचा एक निरोप होता. त्यांच्या आजीच्या तोंडी नेहमी अबोलीचे नाव असे. जमले तर गावाकडचे एक रोप आणावे. आमच्या पत्नीने हे काम अगदी मनावर घेतले. रत्नागिरीजवळच्या एका ओळखीच्या घरातून रोप मागविले, मुळाशी तेथलीच लाल माती राहू दिली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ते बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवले.

मॉरिशसच्या विमानतळावर ती बॅग उघडली गेली. अधिकारी तरुण व अत्यंत सभ्य होता. त्याने रोप हातात घेतले, मुळाशी असलेली माती बोटाने दाबून पाहिली आणि परवान्यावाचून रोप अथवा माती आत नेता येत नाही, असे शांतपणे सांगून ते एका पिशवीत घालून बाजूस ठेवले. आम्ही विनवण्या केल्या. एका म्हाताऱ्या बाईंची इच्छा आहे, हेही सांगितले. त्याने मान हलवून ऐकून घेतले, परंतु रोप काही परत मिळाले नाही. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. एवढ्याशा अबोलीने या बेटाचे काय वाईट होणार होते, अशी कुरकुर आम्ही उभयता मोटारीत बसल्यावरही करीत होतो. यजमान काही बोलले नाहीत.

त्यांचे घर बेटाच्या पश्चिम अंगास कास्कावेल येथे आहे. मराठी कुटुंबांची ही जुनी वस्ती. घरातील लहानथोर सारेच त्या वृद्ध बाईंना आजी म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. रोपाचे ऐकून आजी क्षणभर गप्प राहिल्या, मग "जांव दे" एवढेच म्हणाल्या आणि आमच्यापुढे पाण्याचे तांबे ठेवले. त्यांचे मराठी कोकणातले, परंतु शंभर-दीडशे वर्षे जुने आणि मधून मधून क्रिओल शब्दांची पेरणी असलेले. माकडाला त्या 'झाको' म्हणतात. हा शब्द आम्ही पहिल्याच सकाळी शिकलो, कारण उजाडताच परसात आरडाओरडा झाला. आजी हातात काठी घेऊन भेंडीच्या वाफ्यात उभ्या होत्या आणि कुंपणावरून सहा-सात माकडे आरामात उड्या टाकीत टेकडीकडे निघाली होती. प्रत्येकाच्या हातात भेंडी.

त्या परसात बसून आम्हांस एक नवल वाटले. इतका समुद्र ओलांडून आलो खरे, परंतु भोवताली पाहावे तो सारे ओळखीचेच! समोर साळुंक्या भांडत होत्या. तारेवर शिपाई बुलबुल बसला होता. चिमण्या होत्या. कुंपणाच्या काठीवर गळा लाल करून एक सरडा मान वरखाली करीत होता. आमच्या बेळगावच्या कुंपणावर करतो तस्साच. दुपारी एक मुंगूस रस्ता ओलांडून उसात शिरले आणि रात्री न्हाणीघराशी चिचुंद्रीचा चिरका आवाज ऐकू आला. पत्नी म्हणाली, "आपण आपल्याच परसात परत आलो की काय?"

यजमान हाडाचे शिक्षक. त्यांनी एकेका प्राण्याची जन्मपत्रिका मांडली. यांतील एकही येथला नव्हे. मनुष्य येण्यापूर्वी या बेटावर वटवाघळांवाचून दुसरा सस्तन प्राणीच नव्हता. साळुंकी आणली १७६२ साली, हिंदुस्थानातून, पिकांवरील टोळ खाण्यासाठी. शिपाई बुलबुल आला १८९२ मध्ये. १८९९ साली प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हा उंदरांचा नायनाट करावा म्हणून १९०० मध्ये मुंगूस आणले. त्याने उंदीर खाल्ले आणि कोंबड्या व रानातील पक्षीही खाल्ले. सरडा जावा बेटातून मागविलेल्या उसाच्या कांड्यांबरोबर त्याच सुमारास आला, असे सांगतात. येथील लोक त्याला चुकीने 'कामेलेओं' म्हणतात. घरात शिरणारा कवड्याच्या जातीचा साप जहाजांच्या मालातून उतरला. माकडे जावाकडचीच, ती पोर्तुगीज खलाशांनी सोडली की डच खलाशांनी, याविषयी मात्र एकमत नाही. हरणे डचांनी १६३९ साली बटाव्हियाहून आणली आणि त्याच साली ऊसही आणला. मादागास्करहून आणलेला, काटेरी उंदरासारखा दिसणारा 'तांग' नावाचा एक प्राणी रानात आहे; त्याची मादी एका वेळी वीस-वीस पिले घालते. आमच्या मुक्कामात एके रात्री हरणाच्या मांसाची आमटी झाली. ती उत्तम होती हे कबूल केले पाहिजे.

"मग येथला मूळचा कोण?" आम्ही विचारले.

"तेच तर पाहावयास तुम्हांला नेणार आहे," ते म्हणाले. "ते आता मोठ्या बेटावर फारसे राहिलेले नाहीत."

मूळचे होते पुष्कळ. डोडो पक्ष्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे. १५९८ मध्ये डच येथे उतरले आणि १६६२ नंतर जिवंत डोडो कोणी पाहिल्याची खात्रीची नोंद नाही, म्हणजे पाऊणशे वर्षेही पुरली नाहीत. त्याचे सांगाडे १८६५ साली विमानतळाजवळच्याच एका दलदलीत सापडले. परंतु डोडोच्या नावाने सारेच अश्रू ढाळतात आणि त्याच्यासमवेत गेलेल्या कासवांची आठवण कोणी काढत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. मॉरिशस, रेयुनियों आणि रॉड्रिग्ज या तिन्ही बेटांवर प्रचंड भूकासवे होती. त्यांना शत्रू ठाऊक नव्हता. पळणे त्यांस जमत नव्हते आणि महिनोनमहिने अन्नपाण्यावाचून ती जहाजाच्या तळघरात जिवंत राहत. हा त्यांचा गुणच त्यांच्या मुळावर आला.

रॉड्रिग्जची हकीकत तर मोठी विलक्षण आहे. १६९१ मध्ये फ्रांस्वा लेगा नावाचा एक फ्रेंच निर्वासित काही सोबत्यांसह त्या निर्जन बेटावर उतरला व दोन वर्षे राहिला. कासवांचे कळप एवढे दाट असत की त्यांच्या पाठींवरून, जमिनीस पाय न लावता, शंभराहून अधिक पावले चालता येई, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १७६१ साली शुक्राचे सूर्यबिंबावरून होणारे अधिक्रमण पाहण्यासाठी आबे पेंग्रे हे खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरू तेथे आले. आकाशातील ग्रह मोजणाऱ्या या विद्वान पाद्रीसाहेबांनी आपल्या साडेतीन महिन्यांच्या मुक्कामात कासवावाचून दुसरे फारसे काही खाल्ले नाही, असे त्यांच्याच लेखावरून दिसते: कासवाचे सार, तळलेले कासव, शिजविलेले कासव, कासवाची अंडी, कासवाचे काळीज. त्यांस दोष कसा द्यावा? प्रत्येक जहाज हजारोंनी कासवे भरून नेत होते. एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत रॉड्रिग्जची कासवे संपली. मॉरिशसवरही तीच गत झाली. जी माणसांच्या तावडीतून सुटली, त्यांची अंडी व पिले डुकरांनी आणि उंदरांनी खाल्ली.

पोर्ट लुई शहरात एका कासवाची गोष्ट ऐकली, ती येथे द्यावयास हरकत नाही. १७६६ मध्ये मारियों द्यु फ्रेन या फ्रेंच दर्यावर्दीने सेशेल्सकडून एक मोठे कासव आणून लष्कराच्या स्वाधीन केले. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले, तेव्हा तटबंदीबरोबर कासवही इंग्रजांच्या ताब्यात गेले. मालक बदलले, झेंडे बदलले, कासव गवत खात राहिले. शेवटी १९१८ साली, आंधळे झालेले ते वृद्ध कासव तोफेच्या चौथऱ्यावरून खाली पडून मेले. दीडशे वर्षांहून अधिक काळ त्याने सरकारी नोकरी केली.

तिसऱ्या दिवशी आम्ही इल ओ एग्रेत पाहावयास निघालो. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर माएबूर गाव आहे. तेथून थोड्या अंतरावर, किनाऱ्यापासून एक मैलसुद्धा दूर नसलेले, प्रवाळाच्या खडकाचे हे चिमुकले बेट. क्षेत्रफळ अवघे पासष्ट एकर. १९६५ साली ते राखीव ठरले, परंतु त्या वेळी राखण्यासारखे तेथे थोडेच उरले होते. आबनुसाची झाडे जळणासाठी तुटली होती, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तोफा बसविल्या होत्या, मांजरे व उंदीर सर्वत्र होते. १९८०नंतरच्या दशकात मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेने ते हाती घेतले आणि उपटण्यास सुरुवात केली. होय, उपटण्यासच. परकी झाडे हातांनी उपटली, मांजरे पकडली, १९९१ मध्ये उंदीर संपविले आणि मग येथल्या मूळच्या झाडांची हजारो रोपे लावली.

होडीतून उतरताच माएबूरचीच एक तरुणी वाट दाखविण्यास पुढे आली. सावलीत शिरताच आमचा पाय थबकला. वाटेच्या मधोमध एक शिळा पडलेली होती आणि ती शिळा गवत खात होती. आल्दाब्रा बेटातील महाकासव! पाठीचा घेर असा की दोन माणसांनी कवेत घ्यावा. ते आमच्याकडे पाहून थांबले नाही की हलले नाही. आम्हांसच झुडपांतून वळसा घालावा लागला. पत्नीने त्याच्या मानेखाली हळूच हात ठेवला, तेव्हा त्याने डोळे अर्धवट मिटून मान लांब केली. तिला सरपटणाऱ्या प्राण्यांची उपजत भीती. घरात भिंतीवर पाल दिसली तरी ती दुसऱ्या खोलीत जाते. म्हणून हे दृश्य आम्ही मुद्दाम नोंदवीत आहो.

येथे आम्हांस शंका आली. सारे परके काढून टाकले, मग हे परदेशी कासव येथे कसे? वाटाड्या मुलगी हसली. हा प्रश्न तिला रोजच ऐकावा लागत असणार. या बेटावर जो आबनूस वाढतो, तो मॉरिशसबाहेर जगात मूळचा कोठेच नाही. त्याची जड फळे झाडाखालीच पडून कुजत, आईच्याच सावलीत रोपे मरत. ती फळे खाऊन बी दूर नेणारे कोणीतरी पूर्वी असले पाहिजे, आणि ते कासवच. ते कासव नष्ट झाले. मग त्याच्या जागी त्याचा दूरचा भाऊबंद आणावा, असे ठरले. २००० साली आल्दाब्राची कासवे येथे सोडली. ती फळे खातात, बेटभर फिरतात आणि त्यांच्या पोटातून गेलेले बी साध्या बियांपेक्षा चांगले रुजते, असे शास्त्रज्ञांनी पडताळून पाहून २०११ मध्ये प्रसिद्ध केले. मुलीने वाटेपासून दूर एका मोकळ्या जागी आम्हांस नेले. सुकलेल्या कासवाच्या लेंडीतून आबनुसाची चार कोवळी रोपे वर आली होती. तिने ती ज्या कौतुकाने दाखविली, त्या कौतुकाने लोक घरातील बाळ दाखवितात.

आल्दाब्राची कासवे तरी उरली कशी? त्यालाही कारण घडले. १८७४ मध्ये चार्ल्स डार्विन, हूकर, ओवेन, ग्युंथर अशा नामांकित शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरास अर्ज केला की, आल्दाब्रा आपल्या अमलाखाली आहे, तेथील कासवांचे रक्षण व्हावे. डार्विन आणि ओवेन हे एकमेकांचे कट्टर विरोधक. त्या अर्जावर दोघांच्याही सह्या आहेत. आज त्या दूरच्या बेटावर सुमारे एक लाख कासवे आहेत.

कासवाची भीती गेली, परंतु सापसुरळीची राहिली होती. आम्ही एका ओंडक्यावर बसलो असता पाचोळ्यातून खसखस झाली आणि वीतभराहून कितीतरी लांब, करड्या-तपकिरी रंगाची, तकतकीत अंगाची एक सापसुरळी निघाली. ती थेट पत्नीच्या चपलेपर्यंत आली आणि अंगठा हुंगून पाहू लागली. पत्नी दगडासारखी बसून राहिली. "हिला तेल्फेरची सापसुरळी म्हणतात," मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. "माणसाची भीती हिला अजून ठाऊक नाही." एकेकाळी ही मोठ्या बेटावर सर्वत्र होती, उंदीर आले आणि ती गेली. उत्तरेकडच्या राऊंड आयलंड नावाच्या एका खडकावर उंदीर कधी पोचलेच नाहीत, म्हणून तेथे उरली. २००६ पासून तेथून आणून ती येथे पुन्हा वसविली आहे. याच झाडीत गुलाबी पारवाही आहे. १९९१च्या सुमारास साऱ्या रानात त्याची संख्या दहाच्या आसपास होती. आज ती काही शेकड्यांवर गेली आहे. आम्हांस एक जोडी दिसली. दिसण्यात पारव्यासारखाच पारवा; परंतु दहावरून परत आलेला म्हटल्यावर त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते.

राऊंड आयलंडची गोष्ट मात्र आमच्या मनाला टोचून राहिली. अवघ्या साडेपाचशे एकरांचा तो ज्वालामुखीचा डोंगर, मॉरिशसपासून चौदा मैलांवर. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी तेथे बकऱ्या व ससे सोडले. वादळात सापडलेल्या खलाशांस खावयास मिळावे, हा सोडणाऱ्यांचा हेतू असे. पावसाच्या पाण्यात माती वाहून गेली आणि ताडांच्या वनाचा उघडा खडक झाला. त्या खडकावर एकाच घराण्यातील दोन जातींचे साप होते. त्यांच्या वरच्या जबड्याचे हाड मधोमध सांध्याने दुभागलेले असते. अशी रचना त्या घराण्यावाचून दुसऱ्या कोणत्याही कण्याच्या प्राण्यात नाही. त्यांपैकी बिळात राहणारी जात १९७५ मध्ये शेवटची दिसली. माती गेली, बिळे गेली, साप गेला. दुसरीही त्याच वाटेने चालली होती. जेरल्ड डरेल या इंग्रज लेखकाने १९७६ व १९७७ साली येथे येऊन तिच्याविषयी हाकाटी केली आणि काही साप आपल्या जर्सी येथील प्राणिसंग्रहालयात वाढविण्यासाठी नेले. बकऱ्यांची शेवटची शिकार १९७९ मध्ये झाली. १९८६ साली न्यूझीलंडच्या डॉन मर्टन यांच्या देखरेखीखाली विषारी दाणे टाकून सारे ससे मारण्यात आले.

"सापासाठी सशांना विष घातले?" पत्नीने विचारले. तिचा स्वर ऐकून यजमानांनी भाषांतर करण्यापूर्वी क्षणभर विचार केला.

मुलीने उत्तर देण्याची घाई केली नाही. मग म्हणाली, "सशांचा काही अपराध नव्हता. त्यांना विचारून कोणी तेथे नेले नव्हते. परंतु ससे जगात सगळीकडे आहेत. तो साप तेवढ्या एका खडकावर होता."

हे उत्तर आम्हांस पटले आणि पटलेही नाही. हिशेब म्हणून त्यात खोट काढता येत नाही. ससे राहते तर गवत, ताड, सापसुरळ्या, साप सारेच जाते आणि शेवटी अन्नावाचून ससेही मेले असते. तथापि विष खाऊन तडफडणारा ससा डोळ्यांपुढे आला की हिशेब पुरा पडत नाही. ज्यांनी ते काम केले त्यांसही रात्री झोप सुखाची लागली असेल, असे आम्हांस वाटत नाही. आणि तरीही त्यांनी ते केले, हे बरे केले, असेच आमचे मत आज आहे. यजमान हसत म्हणाले, "आणलेल्यांना असे काढू लागलात तर आमची पंचाईत आहे. आमचे पणजोबाही जहाजातूनच उतरले." त्यावर ती मुलगी मोठ्याने हसली. "या बेटावर मूळचा माणूस कोणीच नाही. माझे पूर्वज तर साखळदंडांत उतरले." दोघेही हसत होते. आम्हांस मात्र हसणे जमले नाही, कारण दोनच दिवसांपूर्वी आम्ही पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या पाहिल्या होत्या.

परतताना मुलीने होडीतून दक्षिणेकडे बोट दाखविले. २५ जुलै २०२० रोजी तेथल्या प्रवाळाच्या बांधावर जपानी मालकीचे एक अवाढव्य मालवाहू जहाज चढून बसले. ६ ऑगस्टला त्यातून तेल सांडू लागले. सुमारे एक हजार टन तेल या निळ्या खाडीत पसरले. माएबूरच्या लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. उसाची वाळलेली पाने पिशव्यांत भरून त्यांचे लांबच लांब तराफे शिवले. तेल शोषून घेतात म्हणून बायकांनी केससुद्धा कापून दिले. ही मुलगी त्यांत होती. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि तो वास पुढे कित्येक दिवस गेला नाही. जवळच्या लहान बेटांवरील सापसुरळ्या व पाली तेलाने नष्ट होतील या भीतीने त्यांतील सहासष्ट पकडून विमानाने जर्सीला पाठविल्या. साता समुद्रांपलीकडे पाली वाचविण्यासाठी विमान! एरवी आम्ही यावर विनोद केला असता.

शेवटल्या दिवशी आम्ही उत्तरेच्या टोकाला काप मालेरो येथे गेलो. लाल छपराचे एक लहानसे चर्च अगदी पाण्याच्या काठाशी उभे आहे. तेथून राऊंड आयलंड क्षितिजावर निळसर दिसले. तेथे कोणासही जाऊ देत नाहीत. कामासाठी जाणाऱ्यांचे सामान आधी बंद खोलीत उघडून तपासतात; कपड्यांच्या शिवणीत एखादे बी, बुटाच्या तळव्याला एखादी मुंगी अडकली आहे काय, हे पाहतात. उंदराची एक गाभण मादी पुरे, यजमान म्हणाले.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही सारे ओसरीवर बसलो असता ओल्या कुंडीखालून एक बारीक, काळपट, गांडुळासारखा प्राणी वळवळत निघाला. पत्नीने पाय वर घेतले. आम्ही ओळखले: वाळा. हाही तुमच्याच देशचा, यजमान म्हणाले. हा सर्पजातीचा आंधळा जीव कुंडीतील मातीतून जगभर पसरला आहे. याच्या साऱ्या माद्याच असतात. नराची गरजच पडत नाही. मातीत एक अंडे आले तरी घराणे उभे राहते.

पत्नीने आमच्याकडे पाहिले. रत्नागिरीची ती लाल माती आम्हां दोघांनाही एकाच वेळी आठवली. तिने आजींकडे वळून, आमच्याच निष्काळजीपणाने रोप गेले, आम्ही आधी चौकशी करावयास हवी होती, असे सांगितले.

आजींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरां केलानी त्यांनी," त्या म्हणाल्या. "ह्या बेटावर आनलेलां काय थोडां हाय? सकाळी त्या झाकोंच्या मागं धावून धावून माजं पाय गेलं." थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "फुलाला वास येतो काय गो?"

"नाही आजी," पत्नी म्हणाली. "अबोलीला वास नसतो."

"मग माझी आजी कशाला रडायची?" आजी म्हणाल्या आणि विझत आलेला कंदील घेऊन आत गेल्या.

बेळगावास परतल्यावर पहिल्या रविवारी आम्ही चर्चच्या फाटकाशी थांबलो. फाटकाच्या दोन्ही बाजूंस बॉटल पामची दोन झाडे आहेत; फुगीर बुंध्याची, वरती चार-पाच झावळ्यांची. वर्षानुवर्षे आम्ही त्यांच्यामधून ये-जा केली, परंतु त्यांचा मूळ मुलूख कोणता हे विचारण्याचे आमच्या मनात कधी आले नव्हते. हे झाड मूळचे राऊंड आयलंडचे. जगभरच्या बागांत ते लाखांनी असताना, बकऱ्या-सशांमुळे त्याच्या जन्मभूमीवर १९७०नंतरच्या दशकात पुरती दहासुद्धा झाडे उरली नव्हती. पत्नीने डाव्या झाडाकडे बोट दाखविले. बुंध्यावर, कोवळ्या उन्हात, गळा लाल करून एक सरडा बसला होता आणि मान वरखाली करीत होता.